अंगठ्याखालची गोष्ट

अचलपूरहून सुटलेली शकुंतला रेल्वेगाडी अंजनगावच्या दिशेने धावू लागली की उजव्या खिडकीत एक गंमत दिसायची. रुळालगतची बाभूळ आली आली म्हणेपर्यंत मागे पडायची. तिच्यामागची पऱ्हाटीची तासं जरा सावकाश सरकायची. त्यापलीकडचं गाव, देवळाचं शिखर, दोनचार आंबे रेंगाळत मागे जायचे. सगळ्यांत मागे गाविलगडाचे डोंगर मात्र जागचे हलायचे नाहीत. उलट तेच गाडीच्या जोडीने चालल्यासारखे वाटायचे.

यामागचा हिशेब सोपा आहे. गाडीचा वेग काहीही असो, बाभूळ रुळापासून पाच मीटरवर आणि डोंगर वीस किलोमीटरवर धरला, तर डोळ्यांसमोरून बाभूळ डोंगराच्या चार हजार पट वेगाने सरकते. आपला मेंदू हा फरक आपसूक वाचतो आणि काय जवळ, काय लांब ते ठरवतो. खगोलशास्त्रात हेच तत्त्व पराशय या नावाने येतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो. त्यावरून फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर काढलं. वेबसाइट घडवणारे याला पॅरॅलॅक्स म्हणतात. मोबाइलच्या पडद्यावर अंगठा फिरवला की पुढचं चित्र भराभर आणि मागचं हळू सरकतं, आणि सपाट काचेला खोली असल्याचा भास होतो, तो याच खिडकीचा नियम.

ही युक्ती वेबच्या आधीची आहे. डिस्नेच्या कलावंतांनी १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात काचेच्या पाट्या एकावर एक ठेवल्या, प्रत्येक पाटीवर वेगळं चित्र काढलं आणि वरून कॅमेरा लावला. पाट्या वेगवेगळ्या वेगाने सरकवल्या की चित्रातल्या तळ्याला आणि गवताला अंतर यायचं. १९८२ च्या ‘मून पट्रोल’ या व्हिडिओ गेममध्ये चंद्रावरच्या गाडीमागे डोंगरांचे थर असेच सरकत. वेबसाइटवर ही पद्धत २०११ च्या सुमारास फोफावली. बूट विकणाऱ्या, मोटारी विकणाऱ्या कंपन्यांनी आपापली पानं अशी सजवली आणि काही काळ जो तो थर सरकवत बसला.

गोष्ट सांगण्यासाठी या पद्धतीचा मोठा वापर झाला तो डिसेंबर २०१२ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘स्नो फॉल’ हा जॉन ब्रांच यांचा दीर्घ वृत्तांत वेबवर प्रसिद्ध केला. वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीक या उतारावर १९ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्फाचा कडा कोसळला. सोळा जण बर्फावर स्कीइंगसाठी गेले होते, त्यातल्या तिघांचा मृत्यू झाला. वाचक खाली सरकत जाई तसं डोंगराचं चित्र फिरे, उताराची वाट उमटे, माणसांची छायाचित्रं मजकुराशेजारी येत. पहिल्या सहा दिवसांत सुमारे २९ लाख वाचक तिथे गेले. ब्रांच यांना २०१३ चा पुलित्झर मिळाला. मग जगभरच्या संपादकांना आपल्याकडेही असं काहीतरी हवं झालं, आणि पुढची दोनतीन वर्षं नकलांचा पूर आला.

त्या नकलांपैकी बहुतेक आज कुणाला आठवत नाहीत. कारण साधं आहे. ‘स्नो फॉल’मध्ये उतार हाच विषय होता. माणसं डोंगराच्या माथ्यावरून खाली निघाली आणि बर्फ त्यांच्यामागून खाली आला. वाचकाचा अंगठाही त्याच दिशेने पान सरकवत होता. नकलाकारांनी फिरणारं चित्र उचललं, उतार मागेच राहिला. निवडणुकीच्या निकालाचा डोंगराशी काही संबंध नसतो, तरी तिथेही ढग सरकू लागले.

गोष्टीचा वेग कुणाच्या हातात असतो, हा प्रश्न चित्रांनी गोष्ट सांगणाऱ्यांना फार पूर्वीपासून पडलेला आहे.

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची पोथी असते. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र उभं धरतो, वाद्याच्या साथीने प्रसंग गातो, संपला की चित्र पालटतो. पुढचं चित्र काय आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसतं, आणि ते केव्हा दिसेल हेही त्याच्या हातात नसतं. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे वेग पूर्णपणे सांगणाऱ्याचा.

चीनमधल्या गुंडाळीचित्रांत तो पाहणाऱ्याचा. झांग झेदुआन यांचं बाराव्या शतकातलं नदीकाठच्या शहराचं चित्र पाच मीटरहून लांब आहे, उंची मात्र वीतभर. ते भिंतीवर पसरून बघायचं नसे. एका हाताने उलगडायचं, दुसऱ्याने गुंडाळत जायचं, आणि मधला हातभर तुकडा बघायचा. पुलावरची गर्दी जवळ येतेय हे कळण्याआधी तिच्या अलीकडची नाव दिसे. थांबावंसं वाटलं तर थांबायचं. आपला अंगठा पडद्यावर जे करतो, ते हेच.

तिसरा प्रकार आपल्या अगदी शेजारचा, आणि माझ्या मते सगळ्यांत विचार करायला लावणारा. अजिंठा वऱ्हाडाच्या वेशीवर आहे. तिथली बरीच कामं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला राजधानी असलेल्या वाकाटकांच्या काळात झाली. राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावं लेणं दान दिलं, तसा शिलालेख तिथे आहे. शेजारच्या सतराव्या लेण्यात विश्वंतराची कथा भिंतभर रंगवली आहे. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंग्लोफ यांनी या भित्तिचित्रांची बारकाईने उकल केली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: प्रसंग काळाच्या क्रमाने मांडलेले नाहीत, जागेच्या क्रमाने मांडलेले आहेत. राजवाड्यात घडलेलं सगळं, मग ते कथेच्या सुरुवातीचं असो वा शेवटचं, राजवाड्याभोवती. अरण्यातलं अरण्यात. पाहणारा पावलांनी फिरतो, मागे येतो, पुन्हा बघतो. गोष्ट आधी ठाऊक असलेल्या माणसासाठी ही मांडणी आहे.

वेबवरची सरकती गोष्ट या तिघांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे. क्रम रचणाऱ्याने ठरवलेला असतो, चित्रकथीसारखा. वेग वाचकाचा, गुंडाळीसारखा. आणि वाटलं तर तो मागे फिरतो, लेण्यात फिरतो तसा. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या या व्यवहाराची जाण असलेले एक मोठे वक्ते अंजनगावजवळच्या शेंडगावात जन्मले. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. समोरच्या माणसाने होय-नाही म्हटल्याशिवाय बाबा पुढे सरकत नसत, त्यामुळे पुढचं वाक्य ऐकणाऱ्यालाही आपलंच वाटे. चांगल्या सरकत्या पानात प्रत्येक टप्पा असाच वाचकाच्या होकारासाठी थांबलेला असतो. अंगठा हलला तरच चित्र बदलतं.

म्हणून कसोटी एकच ठेवावी: अंगठ्याच्या हालचालीला गोष्टीत काही अर्थ आहे का?

तो असला की साधं पानही थक्क करतं. जॉश वर्थ यांनी २०१४ मध्ये सूर्यमालेचा नकाशा केला. चंद्राचा व्यास एक पिक्सेल धरला आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात. सूर्यापासून आडवं सरकायला लागलं की काळ्या पोकळीतून बराच वेळ काहीच येत नाही, मग एक ठिपका, पुन्हा पोकळी. अवकाश किती रिकामं आहे हे आकड्यांत वाचून पटत नाही, अंगठा दमला की पटतं. रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेने सप्टेंबर २०१६ मध्ये पृथ्वीच्या तापमानाची उभी रेघ काढली. इसवी सनापूर्वी २०,००० वर्षांपासून रेघ संथपणे डावी-उजवी होत खाली येते. हिमयुग ओसरतं, शेती सुरू होते, पिरॅमिड होतात. अगदी तळाशी, शेवटच्या शंभरेक वर्षांत, ती झपकन उजवीकडे पळते. एकही थर सरकत नाही, काही उगवत-मावळत नाही. फक्त लांबी. नील अगरवाल यांचं २०१९ चं ‘द डीप सी’ हे पान समुद्राच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत, जवळजवळ अकरा किलोमीटर, खाली नेतं आणि वाटेत कोणत्या खोलीला कोणता जीव राहतो ते दाखवतं. तिघांमध्येही सरकणं म्हणजेच अंतर, काळ किंवा खोली.

आता हीच कसोटी वऱ्हाडातल्या गोष्टींना लावून बघू. पहिली शकुंतलेची.

अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचं जंक्शन. तिथून एक फाटा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जातो, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणायला ही लाइन टाकली. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन खासगी मालकीचीच राहिली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होतं, नंतर डिझेल आलं. अचलपूर गाठायला चारेक तास लागत. अलीकडच्या वर्षांत गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्या पट्ट्यातले लोक आजही बोलतात, अर्ज करतात.

ही गोष्ट पडद्यावर मांडायची म्हटलं की पहिला विचार मनात येतो तो आडव्या सरकण्याचा. गाडी डावीकडून उजवीकडे, खिडकी, मागे डोंगर. पण मोबाइल उभा धरला जातो आणि अंगठा वर-खाली चालतो. आडवं पान बोटाला आडवळणाचं पडतं. शिवाय बऱ्याच फोनवर कडेपासून आडवं बोट ओढलं की ब्राउझर आधीच्या पानावर उडी मारतो.

तेव्हा नकाशा काढून बघावा. अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, उत्तरेला. तिथून अंजनगाव थोडं नैर्ऋत्येला. मग दर्यापूर दक्षिणेला, स्टेशनचं नाव बनोसा. त्याखाली लाखपुरीच्या बाजूला पूर्णा नदी. त्याखाली मूर्तिजापूर. म्हणजे उत्तर वर ठेवून नकाशा काढला, तर अचलपूर ते मूर्तिजापूर हा प्रवास पडद्यावर वरून खालीच होतो. आणि कापूसही याच दिशेने गेला! गाविलगडाखालच्या काळ्या मातीतून, अंजनगाव-दर्यापूरच्या जिनिंगमधून, गाठी बांधून खाली मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, मुंबईहून जहाजाने. वाचकाचा अंगठा आणि कापसाची गाठ एकाच वाटेने जातील. गोष्ट मूर्तिजापूरहून सुरू केली तर हे सगळं उलटं पडतं, अंगठा खाली आणि गाडी वर. यवतमाळच्या फाट्याला तर ही सोय नाहीच. तो मूर्तिजापूरहून आग्नेयेला जातो, आणि कापूस त्यावर नकाशात वर चढत येतो. त्या फाट्याची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगावी लागेल. कदाचित नकाशाशिवाय, स्टेशनागणिक माणसांच्या तोंडून.

अचलपूर फाट्यावर खिडकीतल्या थरांचा वापर कुठे करायचा हेही नकाशाच सांगतो. पहिल्या टप्प्यात, अंजनगावपर्यंत, डोंगर बाजूला आहे. तिथे मागचा थर स्थिर आणि बाभूळ पळती ठेवावी. अंजनगावनंतर गाडी दक्षिणेला वळते, डोंगर पाठीला पडतो. तिथे थर काढून टाकावेत. सपाट रान, रुंद आभाळ. मग खारपाणपट्टा सुरू होतो, पूर्णेच्या खोऱ्यातला तो गाळाचा प्रदेश जिथे विहिरीचं पाणी खारट लागतं आणि जमीन ओली झाली की चिकटून बसते. इथे गाडी थांबवून पान खाली, जमिनीत नेता येईल. पण हा मोह आवरावा. एका पानात अंगठ्याला दोन अर्थ दिले की वाचक गोंधळतो. आत्ता आपण दक्षिणेला चाललोय की जमिनीखाली, हे त्याला क्षणभरही विचारावं लागू नये. पाण्याची गोष्ट वेगळ्या पानावर.

आणि पाण्याच्या गोष्टीसाठी वऱ्हाडात यापेक्षा ठसठशीत जागा आहे. वरूड-मोर्शी. संत्र्याच्या बागांमुळे विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणवला जाणारा हा अमरावती जिल्ह्यातला पट्टा भूजलाच्या अतिउपशाने गाजलेला आहे. संत्र्याला उन्हाळ्यातही पाणी लागतं. विहिरी आटल्या, बोअर आले, बोअर आटले, आणखी खोल बोअर आले. आठशे-हजार फुटांच्या बोअरच्या गोष्टी तिथे सर्रास ऐकायला मिळतात.

हे खऱ्या मापात दाखवता येईल का? मोबाइलचा पडदा साधारण १४ सेंटिमीटर उंच धरू. आठशे फूट म्हणजे सुमारे २४४ मीटर. खऱ्या खोलीइतकं पान करायचं तर सतराशेहून जास्त पडदे सरकवावे लागतील. इतकं कुणी सरकवणार नाही. मग प्रमाण निवडावं लागतं, आणि ते मनाला येईल तसं निवडू नये. बोअरच्या गाडीवर साधारण वीस फुटी रॉड असतात. एक रॉड खाली गेला की दुसरा जोडायचा, पुन्हा हातोड्याचा धडाका, धूळ, पुन्हा जोड. म्हणून एक पडदा म्हणजे एक रॉड. चाळीस फुटांची जुनी विहीर दोन पडद्यांत संपते. आजोबांची विहीर दोन वेळा अंगठा फिरवला की मागे पडली, आणि नातवाचा बोअर चाळीस पडदे चाललाच आहे. कोपऱ्यात फूट आणि खर्च मोजणारा आकडा ठेवावा. बोअरचा दर फुटावर असतो, आणि खोल गेलं की टप्प्याटप्प्याने वाढतो. अंगठ्यासोबत तो आकडा चढत जातो. माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, असे रंग बदलत जावेत. कुठे ओल लागली, तर कुठे नुसतीच धूळ, हे बोअर मारणाऱ्याकडून विचारून त्या त्या खोलीवर लिहावं. प्रमाण पानाच्या वरच लिहून टाकावं: एक पडदा, वीस फूट. मध्येच ते बदललं तर वाचकाला फसवल्यासारखं होईल, आणि त्याच्या अंगठ्याने जे अनुभवलं ते खोटं ठरेल.

हे घडवायचं कसं, याचं तंत्र ऐकायला वाटतं त्यापेक्षा साधं आहे. पानाचे दोन भाग असतात. एक चित्र पडद्यावर चिकटून राहतं, ब्राउझरला तशी सूचना देता येते. त्याच्यावरून किंवा शेजारून मजकुराचे तुकडे वर सरकत जातात. एखादा तुकडा पडद्याच्या ठरावीक रेषेला पोहोचला की ब्राउझर इशारा देतो आणि चित्र पुढच्या अवस्थेत जातं. पूर्वी पान किती सरकलं हे प्रोग्रामला क्षणोक्षणी स्वतः विचारत बसावं लागे. २०१६ पासून क्रोममध्ये ‘हा तुकडा दिसला की मला सांग’ असं सांगून ठेवता येतं, आणि २०२३ च्या जुलैपासून सरकण्याशी थेट जोडलेली हालचाल वेगळा प्रोग्राम न लिहिता, नुसत्या सजावटीच्या भाषेत लिहिता येते.

हा इतिहास वऱ्हाडातल्या वाचकाच्या कामाचा आहे. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवायचा तर प्रत्येक चित्राला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. नव्या महागड्या फोनला ते पुरतात. चार वर्षं वापरलेल्या, फोटोंनी भरलेल्या साध्या फोनला पुरत नाहीत; मग पान धक्के खात सरकतं. अचलपूरच्या बाजारात उभं राहून वाचणाऱ्याचा फोन बहुधा असाच असतो, आणि नेटवर्क कधी चार काड्या तर कधी एक. म्हणून चित्रं हलकी असावीत, खालची चित्रं वाचक जवळ आल्यावरच मागवावीत, आणि हालचाल केवळ जागा आणि पारदर्शकता बदलून करावी, कारण तेवढी फोनच्या चित्र रंगवणाऱ्या चिपला झेपते. चित्रं आलीच नाहीत तरी मजकूर पूर्ण वाचता आला पाहिजे. गोष्ट आधी शब्दांत उभी राहिली पाहिजे. नंतर तिला चाकं लावावीत.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चे आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये आपल्या विभागाचा अनुभव सांगताना एक रोखठोक निष्कर्ष मांडला होता: वाचकाला फक्त सरकवायचं असतं, त्याच्याकडून दुसरं काही करवून घ्यायचं असेल तर बदल्यात त्याला भलतंच काही मोठं मिळायला हवं. हे मला पूर्ण पटतं. त्याहून वाईट म्हणजे सरकणंच त्याच्या हातून काढून घेणं. अंगठा थोडा हलवला आणि पान आपल्या मर्जीने धावत सुटलं, किंवा अंगठा कितीही हलवला तरी अडून राहिलं, की वाचक पान बंद करतो. वेग त्याचा आहे.

काहींना तर याचा शारीरिक त्रास होतो. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डोळे म्हणतात आपण हलतोय, कान म्हणतो आपण खुर्चीत बसलोय. या भांडणातून काहींना भोवळ येते, मळमळतं. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ आणलं, त्यात मागचा पडदा सरकत होता आणि ॲप उघडताना झूम होत होतं. मळमळीच्या इतक्या तक्रारी आल्या की लगेचच्या सुधारणेत हालचाल कमी करण्याची सोय नीट करून द्यावी लागली. आज जवळजवळ प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये ती असते, आणि वाचकाने ती चालू केली आहे का हे पानाला विचारता येतं. उत्तर हो असेल तर बाभूळ-डोंगर सगळं जागेवर ठेवून नुसती चित्रं बदलावीत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वेब सुलभता निकषांत अशी हालचाल बंद करता यावी ही अपेक्षा लिहिलेली आहे.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की तिथे ही सगळी साधनं गुंडाळून ठेवावीत. वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांवर पी. साईनाथ यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. त्यांनीच डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ते काम पुढे चालू आहे, मराठीतही. तिथली पानं पाहावीत. एक छायाचित्र, त्याखाली मजकूर, त्याखाली दुसरं छायाचित्र. काही फिरत नाही, उगवत नाही. कर्जाची चिठ्ठी हातात धरलेल्या बाईचं छायाचित्र पडद्यावर सरकत आत आलं असतं, तर तिच्या दुःखाचा खेळ झाला असता. तिथे वाचकाचं थांबणं महत्त्वाचं, आणि थांबायला हलणारं चित्र आडवं येतं. मृत्यूचे ठिपके टपाटप पडताना दाखवणारी पानं जगात पुष्कळ झाली आहेत. मी वऱ्हाडावर असं पान करणार नाही, कुणी केलं तर नको म्हणेन.

शेवटी अक्षरांबद्दल, कारण इंग्रजीसाठी बनलेली तयार साधनं मराठीत इथेच सगळ्यांत जास्त बिघडतात. शीर्षक एकेक अक्षराने उमटवण्याची फार हौस असते. ‘मूर्तिजापूर’ हा शब्द संगणकाच्या लेखी अकरा खुणांचा आहे. त्या एकेक करून दाखवल्या तर आधी म येतो, मग त्याला ऊकार लागतो, मग र उभा राहतो, त्याचा पाय मोडतो, मग त येतो आणि र उडी मारून त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, मग वेलांटी त च्या आधी घुसते आणि त पुढे ढकलला जातो. वाचकाला दिसतात ती पाच अक्षरं: मू, र्ति, जा, पू, र. ‘वऱ्हाड’ची तर जास्तच दैना: आधी खाली टिंब असलेला ऱ दिसतो, मग तो आडवा होऊन ह ला चिकटतो. ब्राउझरकडे अक्षरगट ओळखण्याची सोय आहे, आणि २०२३ मध्ये युनिकोडच्या नियमांत भारतीय जोडाक्षरं एकत्र धरण्याची तरतूदही आली. पण जुन्या फोनवर ती पोहोचलेली नसते. तेव्हा शब्द अख्खा आणावा, तुकडे करू नयेत. इंग्रजी शीर्षकासारखी अक्षरं लांब लांब पसरवूही नयेत, शिरोरेघ तुटते आणि शब्द दातपडका दिसतो.

चित्रावर मजकूर तरंगत ठेवायचा तर मागे गडद पट्टी द्यावी. पऱ्हाटीच्या काटक्यांवर किंवा विजेच्या तारांवर आपली शिरोरेघ आणि काना चटकन हरवतात. रफार वर, उकार-ऊकार खाली, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीला पुरतं त्यापेक्षा वाढवावं, अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट तरी. आणि चाचणी नेहमी मराठी मजकुरावर घ्यावी, एखाद्या जुन्या फोनवर, भर उन्हात, पडद्यावर ‘वऱ्हाड’, ‘मूर्तिजापूर’, ‘दारव्हा’, ‘खारपाणपट्टा’, ‘ट्रॅक्टर’ हे शब्द टाकून.